फळ्यावरचं नाव

नोटीस आली ती बेबीच्या पत्त्यावर, पण पहिला चटका बसला तिच्या मोठ्या भावाला, दादाला.

हॉस्पिटलच्या वकिलानं कळवलं होतं की, 'फळा' या बेबीच्या वेबसाइटवर 'खिडकीजवळची' असं टोपणनाव घेऊन कुणीतरी हॉस्पिटलची बदनामी चालवली आहे. त्या व्यक्तीचं खरं नाव मुदतीत द्यावं, नाहीतर दावा खुद्द बेबीवर लागेल. त्याच दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाचा दादाला फोन आला. त्यानं आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, पावसापाण्याचं बोलला आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणाला, "चादरींचं कंत्राट नव्यानं करायची वेळ आलीय, नाही का? बघू या, वरचे लोक काय म्हणतात."

दादाच्या लॉन्ड्रीत धुवायला येणारं बहुतेक कापड त्या एका हॉस्पिटलचं होतं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ इस्त्रीच्या मोठ्या रुळासमोर उभा राहिला. एका बाजूनं ओली चादर आत जात होती, दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर पडत होती. दोन बायका तिची टोकं धरून घडी घालत होत्या आणि गप्पा मारत होत्या. त्याला वाटलं, यांना अजून काही माहीत नाही तेच बरं.

रविवारी सगळे त्याच्या घरी जमले. सगळे म्हणजे आई, वकीलमामा, बेबी आणि दादाची बायको. छोटी, त्याची लेक, लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. 'फळा' उभा करताना बेबीच्या जोडीला तीच होती. बेबीला लिहिणं, माणसं जोडणं जमे. वेबसाइटची तांत्रिक बाजू छोटीच्या हातची. पंचेचाळिशीला आलेल्या बाईला घरात अजून बेबीच म्हणत आणि तिनंही त्याला हरकत घेणं कधीचं सोडून दिलं होतं.

"वाचून दाखव तरी, काय लिहिलंय त्या बाईनं," आई म्हणाली.

बेबीनं वाचलं. लिहिणारीनं आवाज चढवला नव्हता. किडनीच्या पेशंटांचं रक्त ज्या फिल्टरमधून गाळतात, तो एकाचा दुसऱ्याला लावायचा नसतो. इथे धुऊन लावतात. वरून लेबल बदलतात. तीन पेशंटांना कावीळ झाली तेव्हा मी वरिष्ठांना सांगितलं. मला सांगण्यात आलं की, तुम्ही तुमच्या खिडकीजवळ बसा. म्हणून खिडकीजवळ बसून हे लिहिते आहे.

दादाच्या बायकोनं पदरानं चष्मा पुसला. तिच्या भावाला आठवड्यातून दोनदा त्याच विभागात न्यावं लागे.

"खरं असेल तर तिनं उघडपणे सांगावं ना," दादा म्हणाला. "पोलिसात जावं. तोंड लपवून दुसऱ्याच्या दारात कशाला कचरा टाकायचा?"

"उघड सांगितलं की नोकरी जाते, दादा."

"आणि लपून सांगितलं की आपली जाते."

बेबी त्याच्याकडे बघत राहिली. तिला कंत्राटाचं माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण नोटीस तिनं घडी घालून पर्समध्येच ठेवली.

"मामा, तू सांग," आई म्हणाली.

मामानं कपातला उरलेला चहा संपवला. आयुष्यभर जमिनीच्या तंट्यांत काळा कोट झिजवलेला माणूस. अशी केस त्यानं हातात धरली नव्हती आणि ते तो लपवतही नव्हता. "नोटीस म्हणजे हुकूम नव्हे," तो म्हणाला. "कुणीही वकील कुणालाही धाडू शकतो. मी गेल्या वर्षी एकाला त्याच्या कोंबड्यावरून धाडली होती. नाव द्या, असं कोर्ट म्हणालं तर प्रश्न. आणि कोर्टानं तसं म्हणायच्या आधी हॉस्पिटलनं दाखवावं की लिहिलेलं खोटं आहे. आपण स्वतःहूनच कोर्टात जाऊ. एवढंच, की आता काही पुसून टाकायचं नाही. नोटीस आल्यावर पुसलं, तर ते आपल्याच अंगाशी येईल."

"आत्ता कुणाला कळू शकतं नाव?" दादानं विचारलं.

"नोंदणीचा ई-मेल आहे आत," बेबी म्हणाली. "मी कधी उघडून बघितला नाही, बघणारही नाही. लोक त्या भरवशावर लिहितात."

"म्हणजे तुला माहीतही नाही की आपण कुणासाठी बुडतोय."

"नाही."

"कोण लागते ती आपली? सांग ना मला. आईला मी विचारतो, कोण लागते?"

आईनं कपबशा गोळा करायला घेतल्या. दादाला ठाऊक होतं की ती आता बाबांचा विचार करत असणार. बाबांनी साप्ताहिक काढलं, त्यात घराचा अर्धा भाग घातला आणि लोकांच्या शिव्या व हार दोन्ही सारख्याच चेहऱ्यानं घेतले. ते बंद पडल्यावर घर चालवलं दादानं. फाटक्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बहिणीचं शिक्षण झालं. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि त्या दिवशीही दाखवलं नाही.

"लढायचं तर लढू," अखेर त्याची बायकोच म्हणाली. तो चमकला. ती सहसा त्याच्या शब्दापलीकडे जात नसे. "माझा भाऊ त्या खुर्चीत बसतो. मला तरी ती कुणीतरी लागते."

निकाल लागल्यासारखाच झाला. मामानं बेबीच्या सह्या घेतल्या. दादा उठून गच्चीत गेला.

*

पुढचे काही दिवस तो नीट जेवला नाही. व्यवस्थापकाचा फोन पुन्हा आला. या वेळी गुडघ्यांची चौकशी नव्हती. "तुमच्या घरातला मामला आहे, तुम्ही घरातच मिटवा," तो म्हणाला. "आम्हाला फक्त नाव हवंय. त्या बाईला बोलावून समज देऊ, विषय संपला. नोटीस मागे, कंत्राट तुमचंच."

दादानं छोटीला लॉन्ड्रीत बोलावलं. घरी बोलायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं तिला सगळं फिरवून दाखवलं, जणू ती पहिल्यांदाच येत होती. धुण्याचे ड्रम घरघरत होते, वाफेनं खिडक्यांच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या, रक्ताचे डाग वेगळे काढायच्या टेबलाशी एक म्हातारा कामगार ब्रश घेऊन उभा होता.

"यांचा मुलगा यंदा कॉलेजात गेला," दादा हळूच म्हणाला. "आणि ती घड्या घालतेय ना, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. कंत्राट गेलं तर यांना मी काय सांगू? तू सांगशील?"

"बाबा, आत्याला मी शब्द दिलाय."

"तो मोडायला मी सांगतच नाहीये. नाव मी कुणाला देणार नाही. मी स्वतः जाईन त्या बाईकडे, हात जोडेन. ती आपण होऊन लिहिलेलं काढून टाकेल. आत्याची केस मिटेल, त्या बाईचीही नोकरी टिकेल, आपलंही चालेल. कुणाचं काय वाईट होणार यात?"

हे बोलताना त्याला ते सगळं खरंच वाटत होतं. छोटी बराच वेळ त्या घड्या घालणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. मग तिनं तिथेच, गठ्ठ्यावर बसून, लॅपटॉप उघडला.

नाव वाचून दादाला काहीच आठवलं नाही. चेहरा नाही, ओळख नाही. त्याला त्यामुळे बरं वाटलं.

तो खरोखर तिच्या घरी जाणार होता. पत्ताही त्यानं शोधला. एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी नेली आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून परत फिरला. उद्या जाऊ, असं म्हणत राहिला. मग व्यवस्थापकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दुसऱ्या एका लॉन्ड्रीचं दरपत्रक मुद्दाम दिसेल असं ठेवलं होतं. दादानं ते उलटं वाचलं. खुर्चीच्या हातावर बोटं घासत तो थोडा वेळ बसला आणि मग त्यानं नाव सांगितलं. हळू आवाजात सांगितलं म्हणून व्यवस्थापकानं पुन्हा विचारलं, आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

"नोटीस मागे घ्याल ना?" त्यानं उठताना विचारलं.

"लगेच नको. लोक म्हणतील, यांना कळलं कसं? चालू दे कोर्टाचं. तुम्ही निश्चिंत राहा."

समज देण्याची भाषा हवेत विरली. आठवडाभरात त्या बाईला कामावरून काढलं. कारण दिलं गैरहजेरीचं, आणि वर औषधांच्या साठ्यात गोंधळ केल्याची चौकशी लावली, म्हणजे दुसरं कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही. हे दादाला फळ्यावरूनच कळलं. 'खिडकीजवळची'नं शेवटचं लिहिलं होतं: माझं नाव फक्त फळ्याला माहीत होतं. आता हॉस्पिटललाही माहीत आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

त्याखाली लोकांनी बेबीला वाट्टेल ते लिहिलं. विकली गेली, असं लिहिलं. किती मिळाले, असं विचारलं. पालिकेच्या शाळेबद्दल लिहिणारा एक शिक्षक होता, धरणावरचा एक कारकून होता, सासरच्या छळाविषयी लिहिणारी एक मुलगी होती. सगळ्यांनी आपलं लिहिलेलं उतरवून घेतलं. फळा पुसल्यासारखा कोरा होत गेला. बेबीनं त्यातला एकही शब्द काढला नाही, स्वतःला दिलेल्या शिव्यासुद्धा.

*

कोर्टाचा निकाल आला त्या संध्याकाळी पुन्हा सगळे जमले. मामा जिना चढतानाच बोलत होता. त्याच्या आवाजात इतकी वर्षं कुणी न ऐकलेला तजेला होता.

"ऐका, न्यायाधीश काय म्हणतात. लोकांच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट कुणी सांगत असेल, तर ती खोटी आहे असं आधी दाखवा, मग नाव मागा. नुसतं झोंबलं म्हणून नाव मागता येणार नाही. नाव द्यायची गरज नाही." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "जिंकलो आपण, बेबी."

बेबीनं कागद हातात घेतला, वाचला आणि परत ठेवला. गेल्या काही दिवसांत ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती.

"कुणासाठी जिंकलो, मामा?"

मामानं कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

"त्या बाईला मी फळ्यावरून रोज निरोप पाठवते. उत्तर देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं." ती थांबली. "मला आधी वाटलं, माझंच कुठेतरी चुकलं. कुठे कुलूप लावायचं राहिलं. काल रात्रभर बसून तपासलं. कुलूप फोडलेलं नाही. कुणीतरी किल्लीनं उघडलंय."

दादानं छोटीकडे बघायचं टाळलं.

"कुणी?" आईनं विचारलं. "तुला कळलं का, कुणी ते?"

"कळलं."

"मग सांग."

"नाही सांगणार, आई."

"अगं, ज्यानं त्या बिचारीच्या तोंडचा घास काढला, त्याला तू पाठीशी घालणार?"

"मी कुणाचं नाव सांगत नाही, एवढंच मला येतं," बेबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर दादाला सोसायला सोपं गेलं असतं. "ज्याला सांगायचं, तो आपण सांगेल. नाहीतर नाही."

दादाच्या मनात आलं की हे इथेच थांबेल. बेबी बोलणार नाही, ती शब्दाची पक्की. छोटी बोलणार नाही, कारण तिला बोलायला तोंड नाही. उद्या सकाळी नेहमीप्रमाणे हॉस्पिटलचे गठ्ठे येतील, ड्रम फिरतील. तो मान खाली घालून बसून राहिला आणि या विचारानं आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची त्याला शिसारी आली.

छोटी उठली. "मी होते, आत्या. मीच उघडलं."

दादाच्या बायकोच्या हातातली बशी टेबलावर आदळली. आई "काय?" एवढंच म्हणाली. मामा छोटीवर सरसावला. "अक्कल गहाण टाकली होतीस का? कोर्टात आम्ही जीव तोडतोय आणि तू घरातून... कशासाठी? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला बघावंसं वाटलं, बघितलं. मग बोलता बोलता बाहेर गेलं असेल."

"कुणाशी बोललीस?"

"आठवत नाही."

ती खोटं बोलत होती आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं. एकदाही ती बापाकडे वळली नाही. सगळ्यांची बोलणी ती एकटी झेलत उभी होती आणि दादा ते बसून बघत होता. असा किती वेळ गेला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. बायकोनं लेकीला "कारटे" म्हणून खेचून खाली बसवलं, तेव्हा त्याचा आवाज फुटला.

"तिला मी उघडायला लावलं. नाव मी नेऊन दिलं."

त्यानं सगळं सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्याचंही सांगितलं, आणि सांगताना त्याला कळलं की तो त्यातला सर्वांत लाजिरवाणा भाग होता. त्याची बायको उठून आत निघून गेली. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या पेपरावर दगड पडले तेव्हा तू लहान होतास. तेव्हा तू दाराला पाठ लावून उभा राहिला होतास."

मामानं निकालाचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. वकील माणूस, त्याचं डोकं चालायचं थांबत नसे. "हॉस्पिटलनं कंत्राटाचा धाक घालून नाव मिळवलं आणि मग बाईला काढलं. हे कुणी शपथेवर सांगितलं, तर तिची नोकरी सुडापोटी गेली असं दाखवता येतं. गैरहजेरीचं ढोंग टिकणार नाही." त्यानं भाच्याकडे बघितलं. "पण हे सांगणारा माणूस उद्या लॉन्ड्री चालवू शकणार नाही. हेही सांगतो. नंतर म्हणू नकोस, मामानं सांगितलं नाही."

दादानं बेबीकडे बघितलं. त्याला वाटलं, ती म्हणेल, राहू दे. ती लहानपणापासून तसंच म्हणत आली होती. ती काही म्हणाली नाही.

"कधी यायचं सही करायला?" त्यानं विचारलं.

"आधी तिच्याकडे जाऊ," बेबी म्हणाली. "तिला हवं असेल तर सही."

*

सकाळी ते दोघं गेले. वाटेत बोलले नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कुणाच्या तरी सायकली साखळीनं बांधून ठेवलेल्या होत्या. बेबीनं बेल दाबली.

दार उघडलं ते साखळी अडकवूनच. फटीत एक बाई दिसली, दादापेक्षा बरीच लहान, केस ओले, अंगात घरचा गाउन. तिच्या मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. फळ्यावरच्या फोटोवरून बेबीला तिनं ओळखलं आणि दार लोटायला हात उचलला.

"दोनच मिनिटं," बेबी म्हणाली. "मी नाही बोलणार. हा बोलेल. माझा भाऊ आहे."

दादानं सांगितलं. घरी सांगितलं त्याहून कमी शब्दांत सांगितलं. लॉन्ड्री, कंत्राट, केबिन, दोनदा सांगितलेलं नाव. आपल्या लेकीचं नाव त्यात येऊ दिलं नाही. कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे, असंही म्हणाला. बाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. किडनीच्या पेशंटांशेजारी तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. काय वाटतंय ते दाखवायची सवयच नसलेला.

"म्हणजे तुम्ही नव्हता," ती बेबीला म्हणाली.

"माझ्याच घरातून गेलं. माझंच ते."

"माझ्यामुळे लोकांनी तुमच्याबद्दल नाही नाही ते लिहिलंय."

"ते राहू दे तिथेच. लोकांनी सावध राहिलेलं बरं."

बाईनं साखळी काढली नाही. मग तिनं दादाकडे पहिल्यांदा नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसा पेशंट आत येताना बघतात.

"तुम्ही मला कधी बघितलंही नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"तरी माझं नाव तुमच्या तोंडी बसलं. दोनदा सांगितलंत म्हणालात." आतून खोकल्याची उबळ आली, तिनं मान वळवून "आले" म्हटलं आणि परत फटीत तोंड आणलं. "तुमचं नाव काय?"

दादानं जिन्याकडे बघितलं. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडं होतं आणि तिथे कुणीतरी ऐकत उभं होतं. त्यानं नाव सांगितलं. तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून ती म्हणाली, "पूर्ण सांगा." तेव्हा त्यानं स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव, असं ओळीनं, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं.